मॅचच्या वेळी पिशव्या कोण सांभाळणार?

पत्र थोडक्यात

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका ४१ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. मुलगा १४ वर्षांचा, शाळेच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूचा बचाव सांभाळतो. मुलगी ९ वर्षांची. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. सात वर्षांनी अख्खं घर मिळून कुठंतरी निघालं आहे: गोव्याला, पाच दिवस, स्वतःच्या गाडीनं. ताईंनी भिशीचे ३० हजार त्यासाठी बाजूला ठेवले. मग मिस्टरांनी तारखा काढल्या, त्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा या फुटबॉल क्लबच्या दोन मॅच सापडतील अशा. एक मॅच दुसऱ्या दिवशी, एक शेवटच्या दिवशी. लॉजही स्टेडियमजवळचाच बघितला आहे. शेवटची मॅच संपली की रात्रीच गाडी काढायची आणि सकाळी वर्कशॉप उघडायचं, असा बेत आहे.

ताई लिहितात, "मला वाटलं होतं आपण फिरायला निघालोय. निघालोय मात्र मॅचला. मी काही बोलले की हे म्हणतात, तुम्ही फिरा की निवांत, आम्ही येतो मॅच बघून. सासूबाईंना मॅचमधलं काय कळतंय, पोरगी कंटाळणार, म्हणजे मीच दोघींना घेऊन लॉजवर बसणार. मॅच नको म्हणून हट्ट धरू, की गप्प बसू? की आम्ही बायकांनी वेगळंच जावं?"

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. अडीच पानांत मॅच, तिकीट, स्टेडियम हे शब्द जागोजागी आहेत. तुम्हाला स्वतःला गोव्यात काय हवंय, यावर मात्र एकच ओळ आहे: "मला आपलं कुठंतरी समुद्राकाठी बसायला मिळालं तरी बास." त्या ओळीखाली मी रेघ मारली. कुठंतरी म्हणजे कुठं? किती वाजता? मुलांना घेऊन की एकटीनं? मिस्टरांच्या मॅचला वार आहे, जागा आहे, वेळ आहे. तुमच्या समुद्राला यातलं काहीच नाही. मग तारखा ठरवायला बसल्यावर मॅचभोवती सगळं बसत जाणार आणि समुद्र उरलेल्या वेळात जाणार, हे ओघानंच आलं. यात मिस्टरांची लबाडी मला दिसत नाही. तुम्ही मागितलंच नाही, आणि त्यांनी विचारलं नाही, एवढंच दिसतं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमचे आबा आम्हाला मुंबई दाखवायला घेऊन गेले होते. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरलो, आणि आबांनी वानखेडेवरच्या कसोटीचं एक तिकीट मिळवलेलं होतं. आई, मी आणि धाकटा भाऊ मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. आईनं दोन्ही पिशव्यांचे बंद एकमेकांना बांधले होते आणि गाठीवर पाय ठेवून ती संध्याकाळपर्यंत बसून होती. भेळ आम्ही खाल्ली, ती उठली नाही. आबा आले तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "गावसकर किती झाला?" मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. पुढं कळत्या वयात लक्षात आलं की ती रोज रेडिओवर कॉमेंटरी ऐकत भाकरी थापायची, तिला सगळा संघ पाठ होता. दुसरं तिकीट काढायचं का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले: "सासूबाईंना मॅचमधलं काय कळतंय." ताई, त्या सत्तर वर्षांच्या आहेत आणि शिवाजी पेठेत नांदल्यात. आपल्या शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच सुटल्यावर गल्लीत शिरणारा विजयाचा गुलाल त्यांनी किती वेळा झाडला असेल! आपल्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे; नुसत्या आरोळीवरून कुणाची तालीम जिंकली ते सांगणाऱ्या आज्या मी याच पेठांत बघितल्यात. तुमच्या सासूबाई तशा असतील असं नाही, गुडघ्यांमुळं त्यांना पायऱ्या नकोही असतील. पण विचारा. लेकीलाही विचारा. तिला सांगा, एफसी गोवाच्या बोधचिन्हावर गवा आहे, आपल्या दाजीपुरात असतो तोच. नऊ वर्षांच्या मुलीला मॅचमध्ये शिरायला कधीकधी एवढंही पुरतं. आणि स्वतःलाही विचारा. मॅचच नको आहे, की न विचारता गृहीत धरलेलं नको आहे? या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

मुलाच्या बाजूनंही थोडं बोलते. त्यानं आजवर फुटबॉल पाहिलाय तो शाहू स्टेडियमवरचा आणि टीव्हीवरचा. टीव्ही चेंडूच्या मागं धावतो. डाव्या बाजूचा बचावपटू चेंडू नसताना कुठं उभा राहतो, कधी मागं सरकतो, ते मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय दिसत नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याच स्पर्धेच्या काही मॅच याच फातोर्ड्यावर झाल्या होत्या. चौदा वर्षांच्या पोराला हे मैदान दाखवावंसं वडिलांना वाटतं, तर त्याला नुसता नाद म्हणून सोडून देऊ नका. म्हणून मॅच पूर्ण नको म्हणण्याच्या बाजूनं मी नाही.

पण मॅच एकच. दोन नकोत.

याचं एक कारण असं की मॅचच्या भरवशावर सहलीचा खांब रोवायचा नसतो. २०२५ मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम नेहमीसारखा सप्टेंबरात सुरूच झाला नाही. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यावर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा क्लब अल नस्र यांची मॅच झाली. अल नस्रचा रोनाल्डो येणार म्हणून कित्येकांनी डोळे लावले होते, पण तो भारतात आलाच नाही. मॅच झाली, गोवा २-१ नं हरला, आणि ज्यांनी फक्त रोनाल्डोसाठी प्रवास केला असेल त्यांच्या हाती काय लागलं असेल ते तुम्हीच बघा. तारीख पुढं सरकली, वेळ बदलली तरी सहल टिकली पाहिजे. म्हणून आधी रद्द करता येईल अशी राहायची जागा, मग मॅचची तारीख पक्की झाल्यावर तिकीट, आणि निघायच्या आदल्या रात्री क्लबच्या अधिकृत घोषणेवर पुन्हा एक नजर. मिस्टरांना हा क्रम पटेल, मशीन लावण्याआधी माप ते दोनदा घेतच असतील.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि इथं मी तुम्हाला हट्ट धरायला सांगते. मॅच संपल्यावर रात्री गाडी काढायची नाही. साडेसातची मॅच साडेनऊला संपते, गर्दीतून बाहेर पडेपर्यंत दहा. तिथून मडगाव ते कोल्हापूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, बांदा, सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर. दिवसाउजेडी थांबत-थांबत याला सहा तास तरी लागतात. म्हणजे घाट नेमका मध्यरात्रीनंतर, दिवसभर उन्हात हिंडलेल्या, दोन तास ओरडलेल्या ड्रायव्हरच्या हातात, आणि मागं तीन पिढ्या झोपलेल्या. सकाळी वर्कशॉप उघडायचं म्हणून हे करायचं? वर्कशॉप एक दिवस उशिरा उघडेल. यावर तडजोड करू नका. "माझं ऐका" एवढंच म्हणा आणि तिथंच थांबा.

आता मी तुमच्या जागी असते तर पाच दिवस कसे लावले असते ते सांगते. शेवटच्या दिवसाची मॅच सोडून द्या, दुसऱ्या दिवसाची धरा. स्टेडियमजवळचा लॉज रद्द करा आणि पहिले दोन मुक्काम कोलव्याला किंवा बाणावलीला करा. फातोर्डा तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे, मिस्टर आणि मुलगा गाडी घेऊन सहज जातील-येतील. आणि मागं राहणाऱ्यांना समुद्र पायी गाठता येईल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्टेडियमजवळच्या लॉजवर गाडी गेली की तुम्ही अडकलात. गोव्यात संध्याकाळनंतर बस कमी होतात, टॅक्सी आयत्या वेळी महाग पडते. पायाखाली वाळू असेल तर तुम्हाला कुणाची वाट बघत बसायची गरजच नाही. "तुम्ही फिरा निवांत" हे वाक्य तेव्हाच खरं होईल. नाहीतर त्याचा अर्थ "तुम्ही पिशव्या सांभाळा" एवढाच राहतो.

पहिल्या दिवशी पहाटे निघा. पणजी ओलांडून झुआरीच्या नव्या पुलावरून उतरलात की कुठ्ठाळी लागतं आणि थोडं पुढं वेर्णा. तिथं सासूबाईंना खिडकीशी बसवा आणि सांगा: मंगेशीचा मंगेश मूळचा या कुठ्ठाळीचा, कवळ्याची शांतादुर्गा इथल्याच शेजारच्या केळोशीची आणि म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या भागातली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि खाडीपलीकडं फोंड्याच्या बाजूला नेले, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. म्हणजे मॅचला जायच्या याच रस्त्यावर सासूबाईंच्या देवांची मूळ गावं आहेत. मिस्टरांची सहल आणि सासूबाईंची सहल एकाच डांबरावरून जाते, आणि हे त्यांना गाडीत कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना लवकर उठवा. सहा-साडेसहाला पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, सायकलवरून येतो, मागं ताडपत्रीनं झाकलेली पाटी, हातात भोंगा, पों-पों. त्याच्याकडून गरम पोई घ्या. ती मधून फुगलेली असते, वरून कोंड्याची पूड लागलेली, फाडली की वाफ येते. आपल्याकडचा पाव खाऊन वाढलेल्या पोरांना हा पाव वेगळाच वाटेल. दुपारी आडवं व्हा. संध्याकाळी ज्यांना मॅच हवी ते मॅचला. मोठ्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या स्टेडियममध्ये सहसा आत घेऊ देत नाहीत, तेव्हा खिशात मावेल तेवढंच न्यायचं. लेक गेली तर तिच्या कानात घालायला कापूस द्या, ढोल-ताशांचा दणका असतो. तुम्ही गेलात तर फारच छान. नाही गेलात तर सूर्य मावळताना वाळूत बसा आणि जेवण बाहेर करा. त्या रात्री तुम्ही कुणाचं ताट वाढायचं नाही.

आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ तुमची. हे आधी ठरवून, वेळ घालून: सहा ते दहा. मिस्टर मॅच बघून आलेत, आता मुलं, सासूबाई, चहा, आंघोळी, सामान भरणं सगळं त्यांच्याकडं. तुम्ही एकटीनं समुद्रावर जायचं. फोन खोलीवर. काय करायचं तिथं? काही नाही केलं तरी चालेल. सात वर्षांनी चार तास मिळतायत.

दहानंतर सामान गाडीत टाकून निघा ते बोरीच्या पुलावरून फोंड्याच्या बाजूला. कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळ, मंगेशी आणि पुढं जुने गोवे ही सगळी ठिकाणं पणजीकडं जाताना ओळीनं लागतात, उलटसुलट फेरे पडत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन देवळं एका दिवसात जास्त होतात. दोनच करा, कुठली दोन ते सासूबाईंनी ठरवायचं. पहिल्या दिवशी त्या देवांची मूळ गावं पाहिलेली असतील, म्हणून दर्शनाला वेगळी गोडी येईल. जुन्या गोव्यात १६०५ मध्ये पूर्ण झालेलं बॉम जीझसचं चर्च बघा. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष तिथं आहेत, आणि जुन्या गोव्यातली ही चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. देऊळ असो की चर्च, खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, म्हणजे मुलगा हाफ पॅन्टवर बाहेर अडकून पडायचा नाही. पुढचे दोन मुक्काम पणजीत. चौथा दिवस मोकळा ठेवा: फोंताइन्यासच्या रंगीत घरांच्या गल्ल्या, मांडवीचा काठ, मिरामार. पणजी कोल्हापूरच्या वाटेवरच असल्यामुळं पाचव्या दिवशी नाश्ता करून निघालात तरी आंबोलीत दुपारी असाल आणि दिवेलागणीला घरी. ती दुसरी मॅच? ती मिस्टर आपल्या घरी, आपल्या मित्रांत बसून टीव्हीवर बघतील. वर्कशॉपही दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडेल. त्यांच्यासमोर हे असंच मांडा, काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

मुलाला फुटबॉल आणखी हवा असेल तर त्याला तिकीट लागत नाही. कोलवा-बाणावलीच्या भागात, सगळ्या सासष्टी तालुक्यात, गावोगावी मैदानं आहेत. भातकापणी झाली की रिकाम्या शेतातही पोरं गोलपोस्ट उभे करतात. संध्याकाळी गाडी थांबवा, त्याला कडेला उभं राहू द्या. बूट बरोबर असतील तर कुणीतरी खेळायला बोलावेलही. तालमीतल्या पोराला हे काही परकं वाटायचं नाही.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. आपली पोरं रंकाळ्यात, पंचगंगेत, विहिरीत पोहायला शिकतात आणि समुद्रालाही तसंच समजतात. समुद्र खालून ओढतो. लाल झेंडा असेल तिथं पाऊलही नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात, जीवरक्षक असताना, कमरेएवढ्याच पाण्यात. आणि मॅच बघून रात्री "जरा पाण्यात पाय बुडवून येतो" हे बापलेकांनी म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

भिशीच्या पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. ते तुम्ही घराच्या सहलीसाठी साठवलेत. राहणं, जेवण, पेट्रोल त्यातून होऊ दे. मॅचची तिकीटं मिस्टरांच्या खिशातून. रक्कम मोठी नाही, पण वेगळी राहिली की मनात खुसपट राहत नाही. उलट त्यांनी तिकीट तुमच्याही नावाचं काढलं तर तेवढ्यानं अर्धं पत्र मिटेल असं मला वाटतं.

बायकांनीच वेगळं जावं का, हाही तुमचा प्रश्न आहे. जा, जरूर जा, पण ती वेगळी सहल म्हणून, दुसऱ्या वेळी, हौसेनं. या सहलीतून रुसून बाहेर पडण्यासाठी नको. सात वर्षं थांबलेलं घर निघालंय, त्यातून तिघी वजा झाल्या तर मुलाला आयुष्यभर मॅच आठवेल ती त्या रिकाम्या जागेसकट.

याच अडचणीतली आणखी पत्रं माझ्याकडं आहेत, बहुतेक मुंबईतल्या क्रिकेट मॅचची. त्यांच्यासाठी थोडक्यात. वानखेडे चर्चगेट स्टेशनला लागून आहे आणि मरीन ड्राइव्ह पाच-दहा मिनिटांच्या पायवाटेवर, तेव्हा तिथं गाडी नेऊच नका, महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. सामान राहायच्या जागीच ठेवा, मग पिशव्यांचा प्रश्नच राहत नाही. न जाणाऱ्यांनी त्या वेळात काय करायचं हे आधी त्यांनीच ठरवावं, जाणाऱ्यांनी सुचवू नये. आणि मॅचच्या रात्रीची परतीची गाडी धरू नका, मॅच लांबली की धावाधाव होते.

ताई, आज जेवणं झाली की कॅलेंडरचं एक जुनं पान घ्या, पाठीमागं पाच चौकोन आखा. पेन आधी सासूबाईंच्या हातात द्या, मग लेकीच्या, मग मुलाच्या. चौथ्या तुम्ही, आणि तुमच्या चौकोनात "कुठंतरी" लिहायचं नाही: कोलवा, सकाळी सहा ते दहा. मिस्टरांनी शेवटी. त्यांच्या मॅचला जागा उरलेली असेल, भिऊ नका. आणि मॅचला येणार का म्हटल्यावर सासूबाई काय म्हणाल्या, ते मला नक्की कळवा.